रिस्टोरेटिव्ह योग: आधी स्वतः अंग टाकायला शिकले, मग शिकवायला लागले

रानजाई:
मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की रिस्टोरेटिव्ह योग म्हणजे नक्की काय आणि नुसतं पडून राहायला शिकवावं कशाला लागतं. तिथे मी दोन ओळींत उत्तर दिलं पण माझंच समाधान झालं नाही, म्हणून हा वेगळा धागा. थोडक्यात सांगायचं तर लोड, उशा, गोधड्यांचा आधार घेऊन दोन-तीनच आसनं करायची आणि प्रत्येकात बराच वेळ विसावायचं. मोठा होणार आहे, सवडीने वाचा.

मी पुण्याची. २००९ ला योग सुरू केला तेव्हा आयटीत टेस्टिंगला होते, वय ३१. घराजवळच्या एका स्टुडिओत सकाळी ६ ची बॅच, भरभर सूर्यनमस्कार, घाम निघाला पाहिजे असा वर्ग. मला ते प्रचंड आवडायचं, खोटं कशाला बोलू. रथसप्तमीला १०८ घालायचे आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जिने चढून जायचे. फक्त शेवटी शवासन आलं की माझी चुळबुळ सुरू व्हायची, मनात दिवसाची यादी, आणि सरांनी "हळूहळू डोळे उघडा" म्हणायच्या आत मी उठून बसलेली असायचे. तेव्हा कुणी हटकलं नाही आणि मलाही त्यात काही खटकलं नाही.

२०१५ ला उजवा खांदा गेला. चतुरंगातून (पालथं, हातांवर अंग तोलून धरायचं ते आसन) खाली येताना कळ यायची, मी वर्गात सांगितलं तर उत्तर मिळालं की अजून जोर लावा, आपोआप मोकळा होईल. दोन महिने जोर लावला. मग ऑर्थोपेडिककडे गेले, रोटेटर कफ (खांद्याभोवतीचे स्नायू) दुखावलेला निघाला, हात खांद्याच्या वर न्यायला बंदी. आणि त्याच दिवाळीनंतर आईच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. २०१६ चे पहिले सहा महिने केमो, ऑफिस, खांदा, आणि रात्री आईच्या खोलीत खाली गादी टाकून मी जागी. झोप येतच नव्हती. शरीर इतकं दमलेलं आणि तरी आतून कुणीतरी धावतंय असं वाटायचं, ज्यांनी घरात आजारपण काढलंय त्यांना कळेल मी काय म्हणतेय.

एका मैत्रिणीने तिच्या योगाच्या बाईंकडे नेलं. बाई अय्यंगार पद्धतीने शिकवणाऱ्या, तेव्हा सत्तरीच्या आसपास. मी खांद्याबद्दल सांगायला लागले तर त्यांनी खांद्याकडे बघितलंच नाही, म्हणाल्या आधी आडवी हो. एक जुनी मऊ गोधडी घेतली, लांबीत तीन घड्या घातल्या, घडीची बंद बाजू कमरेकडे येईल अशी मांडली, वर लोड. मी त्यावर पाठ टेकली. मग मानेखाली एक छोटी गुंडाळी, ती त्यांनी तीनदा बदलली, एकदा जाड झाली, एकदा पातळ, तिसऱ्यांदा माझी हनुवटी कपाळापेक्षा जराशी खाली आली तेव्हा थांबल्या. दोन्ही गुडघ्यांखाली उशा, तळहाताखाली रुमाल, डोळ्यांवर क्रेप बँडेजची सैल पट्टी, अंगावर चादर. हे सगळं व्हायला दहा मिनिटं लागली असतील. मग त्या माझ्या हातापाशी खाली बसल्या आणि काही वेळाने हळूच म्हणाल्या, "अंगठा अजून कामावरच आहे बघ तुझा."

खरंच होता. बाकी हात पडलेला आणि अंगठा मात्र ताठ, जणू काहीतरी धरून ठेवलंय. त्या म्हणाल्या सोडायचा प्रयत्न करू नको, नुसतं लक्ष असू दे तिथे. किती वेळ गेला माहीत नाही, अंगठा कधीतरी आपसूक कलला आणि त्याच्या मागोमाग घशातलं काहीतरी सुटलं आणि मी रडायला लागले. बाई काही बोलल्या नाहीत, हातही लावला नाही. तिथेच बसून राहिल्या.

त्यानंतर मी वर्षभर दुसरं काही केलं नाही. रोज ४० मिनिटं, दोन किंवा फार तर तीन आसनं. पहिले दोन महिने फार अवघड गेले, १०८ सूर्यनमस्कारांपेक्षा अवघड, कारण पडल्या पडल्या मन पळायचं आणि करायला काही नाही म्हणून अपराधी वाटायचं. आई आत झोपलेली आणि मी इथे लोडावर पसरलेय! पण हळूहळू एक कळलं की मी सहा वर्षं जो योग केला तो सगळा धरण्याचा होता, सोडणं मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

डॉक्टरांना विचारून आईलाही तिच्या पलंगावर सुप्त बद्धकोणासन (पाठ टेकून तळपाय जुळवायचे, गुडघे बाजूला सोडायचे) द्यायला लागले. तिच्या छातीत केमोचा पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी) होता, म्हणून तिथे कुठे काही दाबणार नाही, हात फार उघडणार नाहीत असं बघायचं. दिवाणावरचा लोड पाठीमागे चांगला उंच, जवळजवळ बसल्यासारखी, कारण सपाट झोपलं की मळमळ वाढायची. एकदा ती म्हणाली, "मळमळ आहे तशीच आहे गं, पण भीती जरा खाली बसली." मी आजही कुणाला यापेक्षा जास्त आश्वासन देत नाही. आई आता ७६ ची आहे, बरी आहे, दुपारी चारला स्वतःच लोड मांडून आडवी होते.

शिकवायला लागले २०१८ मध्ये, बाईंनीच सांगितलं म्हणून. सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये सहा बायका. पहिल्या वर्गाला मी एका तासात सात आसनं ठरवून गेले होते. जेमतेम अंग स्थिर व्हायला लागायचं की मी "आता पुढचं" म्हणून उठवायचे, आणि मध्ये शांतता झाली की मला भीती वाटायची म्हणून सतत सूचना. तिसऱ्या वर्गानंतर एक काकू जवळ येऊन म्हणाल्या, "बाळा, तू गप्प बसतेस ना तेव्हा बरं वाटतं." त्या दिवसापासून ७५ मिनिटांत तीनच आसनं, आणि एकदा मांडून दिलं की मी बोलत नाही.

मग शिक्षिका करते काय, असं वाटेल. मांडते आणि बघते. पोट श्वासाबरोबर वर येतंय की छातीच उचलली जातेय, गिळणं थांबलंय का, पापण्या थरथरतायत का, पावलं बाहेरच्या बाजूला पडली का. अंगठा तर बघतेच. कुणाची एक टाच लोंबकळत असेल तर तिथे चार घड्यांचा पंचा जातो, आणि तेवढ्याने पाठ सुटलेली मी कितीदा पाहिलीय. स्वतः वर्षभर पडून काढलं नसतं तर यातलं काहीही मला दिसलं नसतं. शिकवायला लागून वर्षं झाली तरी माझी रोजची ४० मिनिटं मी सहसा चुकवत नाही. ज्या आठवड्यात ती चुकतात त्या आठवड्यात मी वर्गात बोलायला लागते.

प्रश्न असतील तर विचारा. तुमचे अनुभवही लिहा.

वेलदोडा:
रानजाई, किती आतून लिहिलंयस. अंगठ्याचं वाचलं आणि माझा मोबाईल धरलेला हात बघितला. आईंना नमस्कार सांग.

तांबडा_रस्सा:
लिहिलंय छान पण मनापासून एक शंका आहे, राग मानू नका. आपल्याकडे शवासन आहेच की, हठप्रदीपिकेसारख्या जुन्या योगग्रंथात आहे. मग हे लोड-उश्या लावून रिस्टोरेटिव्ह वगैरे नाव देऊन अमेरिकेतून आलेलं आपण का घ्यायचं? आणि आडवं व्हायचे पैसे हे मला तरी पटत नाही.

एडिसनवाली:
तांबडा_रस्सा, मी इथे न्यू जर्सीत राहते आणि माझा अनुभव उलटा आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर एका वर्गाला गेले, तिथे भिंतीला लागून लोडांची चळत, विटा, पट्टे, घोंगड्या, आणि शिकवणारी अमेरिकन बाई पहिल्याच दिवशी म्हणाली की हे सगळं पुण्याहून आलंय. मी पुण्यात वाढलेली, माझं माहेर मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगारांच्या संस्थेपासून चालत दहा मिनिटांवर, आणि मला हे एडिसनमध्ये कळावं! त्या दिवशी घरी जाऊन आईला फोन केला तर ती म्हणाली अगं, तुझी आत्या जायची की तिथे गुडघ्यासाठी.

रानजाई:
एडिसनवाली, अगदी बरोबर. तांबडा_रस्सा, राग कशाला, चांगला प्रश्न आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ ला पुण्यात आले, अठरा वर्षांचे होते, डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी शिकवायला म्हणून आले आणि पुण्याचेच झाले. लहानपणी त्यांना मलेरिया, टायफॉइड, टीबी सगळं होऊन गेलेलं, त्यामुळे अशक्त शरीर म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आजारी, म्हातारी, अडलेली माणसं त्यांच्याकडे यायची, त्यांना आसनात राहता यावं म्हणून त्यांनी खुर्ची, वीट, दोर, पट्टा, लोड असं हाताला येईल ते वापरलं आणि त्यातून पुढे अख्खी पद्धत उभी केली. मॉडेल कॉलनीतली रमामणी अय्यंगार संस्था १९७५ ची. त्यांच्या कन्या गीताताईंनी बायकांसाठी, म्हणजे पाळीत, गरोदरपणात, बाळंतपणानंतर काय करायचं, याचं जे काम केलंय त्यात आधार घेऊन केलेली आसनं किती आहेत बघा. रिस्टोरेटिव्ह हे नाव आणि स्वतंत्र वर्ग म्हणून त्याचा प्रसार अमेरिकेत झाला हे खरंय, ज्युडिथ लॅसेटरचं यावरचं पुस्तक १९९५ चं आहे, पण ती स्वतः अय्यंगारांचीच विद्यार्थिनी आणि फिजिओथेरपिस्ट. तेव्हा नाव तिकडचं असलं तरी मूळ इथलंच.

शवासनाबद्दल, हो, प्रदीपिकेत "शवासनं श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम्" असं स्पष्ट आहे. श्रम घालवणारं आणि चित्ताला विसावा देणारं. पण ज्याची कंबर जमिनीवर टेकतच नाही त्याचं चित्त विसावणार कसं, तो सगळा वेळ कंबरच सांभाळणार. त्याच्या गुडघ्याखाली उशी सरकवली की तेच शवासन त्याच्या आवाक्यात येतं. पतंजलींचा प्रयत्नशैथिल्य (प्रयत्न सैल सोडणं) हा शब्द मी आधी पाठ केलेला होता, समजला तो त्या गोधडीवर.

फिजिओ_मनवा:
वर कंबरेचं आलंय त्यावर थोडं. मांडीच्या पुढचे आणि पोटाच्या आतले जे स्नायू पाय उचलतात ते दिवसभर खुर्चीत बसून आखडतात. पाय सरळ करून पाठीवर झोपलं की ते कमरेच्या मणक्यांना पुढे ओढतात, म्हणून कमान राहते. गुडघे वाकवून खाली आधार दिला की ओढ कमी होते आणि पाठ आपोआप खाली येते, त्यात जादू काही नाही. श्वासाचंही तसंच, श्वास सोडताना हृदयाचा वेग जरासा कमी होतो हे सगळ्यांच्याच शरीरात होतं, उच्छ्वास आपणहून लांबायला लागला की तो परिणाम वाढतो.

मात्र काळजीचं पण लिहायला हवं. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारं काही नको, अगदी सेतुबंधसुद्धा (पाठीवर पडून कंबर उचलायची ते आसन) डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत पाठीवर सपाट झोपायचं नाही, डाव्या कुशीवर आधार घेऊन. ॲसिडिटी घशाशी येत असेल तर डोकं-छाती उंच. आणि हाता-पायाला मुंग्या आल्या तर "सोडते आहे शरीर" असं समजून पडून राहू नका, आधार बदला.

रानजाई:
मनवा, फार मोलाचं लिहिलंस, खरं तर हे मूळ पोस्टमध्येच यायला हवं होतं. एक भर घालते. डोळ्यांवर पट्टी सगळ्यांना चालत नाही. माझ्याकडे एक मुलगी यायची, पट्टी ठेवली की तिचा श्वास वर चढायचा. कारण मी विचारलं नाही, पट्टी काढली आणि तिची जागा भिंतीला पाठ येईल अशी, दार दिसेल अशी केली. तीन महिन्यांनी तिने स्वतःच पट्टी मागितली. म्हणून माझ्या वर्गात आधी विचारायचं, मग ठेवायचं.

नागपूरकर_काका:
धागा वाचून समाधान वाटले. मी रामनगरला जनार्दन स्वामींच्या योगाभ्यासी मंडळात १९८४ पासून जातो आहे. आम्हाला शिकवले ते विनामूल्य आणि आम्हीही विनामूल्यच शिकवतो, सतरंजी सोडून दुसरे साधन नाही. प्रत्येक आसनानंतर थोडी विश्रांती आणि शेवटी शवासन, हे तिथे पहिल्या दिवसापासून आहे. त्यामुळे विसावा शिकवावा लागतो हे तुमचे म्हणणे शंभर टक्के मान्य. शुल्काबद्दल मात्र तांबडा_रस्सा यांच्याशी मी सहमत आहे. योग विकू नये असे मला वाटते. तुम्ही कसा विचार केलात ते जाणून घ्यायला आवडेल.

रानजाई:
काका, नमस्कार. तुमच्या मंडळाबद्दल मला फार आदर आहे, माझ्या मावससासूबाई तिथे शिकल्या. शुल्काबद्दल मी खूप घोळ घातला होता मनात. २०१९ ला नोकरी सोडली आणि हॉलचं भाडं सुरू झालं तेव्हा ठरवलं की घ्यायचं. वर्गात आठच्या वर माणसं मी घेत नाही, कारण आठांच्या वर माझी नजर पुरत नाही, आणि आठ जणांत भाडं भागवायचं तर पैसे लागतात. पण केमो चालू असलेल्यांकडून आणि घरात आजारी माणसाचं करणाऱ्यांकडून घेत नाही, ते पहिल्यापासून. तुम्ही ४० वर्षं विनामूल्य शिकवलंत ते माझ्यापेक्षा मोठं आहे असंच मी मानते. सगळ्यांनाच ते जमेल अशी परिस्थिती नसते, एवढंच माझं म्हणणं.

साधनांचं म्हणाल तर माझ्या पहिल्या वर्गात विकत घेतलेली एकही वस्तू नव्हती. प्रत्येकीने घरून दोन गोधड्या, एक लोड किंवा घट्ट गुंडाळून बांधलेली गादी, उशा आणि एक जुनी ओढणी आणायची. डोळ्यांवर ठेवायला मऊ कापडाच्या पिशवीत जवस भरून शिवलं. आईच्या आईने शिवलेली गोधडी अजून वर्गात वापरते, नऊवारीची, इतकी धुतलेली की घडी घातली की सरकत नाही, जिथे ठेवली तिथे बसते. नव्या फोमच्या लोडांना ती गोष्ट येत नाही.

नागपूरकर_काका:
उत्तर पटले. आजारी माणसाकडून घेत नाही हे वाचून बरे वाटले. आमच्याकडे काही ज्येष्ठांना आता खाली बसता येत नाही, त्यांना खुर्चीचा आधार देऊन बघतो.

कविता_सांगली:
ताई, मला शिकवायचं आहे, ३ वर्षं स्वतः करतेय. कुठला कोर्स करू? ऑनलाइन वीकेंडचे रिस्टोरेटिव्ह सर्टिफिकेट कोर्स दिसतात भरपूर.

रानजाई:
कविता, पाया आधी पक्का कर. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षा आहेत, त्यातली प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर आणि वेलनेस इन्स्ट्रक्टरची तयारी केलीस तर शरीरशास्त्र आणि ग्रंथ दोन्ही होतात. लोणावळ्याचं कैवल्यधाम आहे, मुंबईत सांताक्रूझला योग इन्स्टिट्यूट आहे, दोन्ही शंभरी ओलांडलेल्या संस्था. अय्यंगार पद्धतीत शिक्षक व्हायचं तर एका गुरूकडे काही वर्षं सलग शिकावं लागतं, घाई चालत नाही. वीकेंडच्या कोर्समध्ये मांडणी शिकशील, बघायला नाही शिकणार. आणि कोर्स कुठलाही कर, पण आजपासून रोज एक आसन २० मिनिटं कर आणि वहीत लिही की कुठे आधार कमी पडला. माझ्या अशा चार वह्या आहेत, वर्गात कुणी काही सांगितलं की मला त्यातलं पान आठवतं.

आणि ऑनलाइन शिकवू नकोस सुरुवातीला तरी. २०२० मध्ये मीही केलं, लोकांना गरज होती म्हणून केलं, पण कॅमेऱ्यात मला मान आणि अंगठे दिसायचे नाहीत आणि मी अंदाजाने बोलत राहायचे. नवीन लोकांना तेव्हापासून समोरच घेते.

शिफ्ट_ड्यूटी:
मी आयसीयूत सिस्टर आहे. महिन्यातून दोन आठवडे नाइट. सकाळी ९ ला रूमवर येते, डोळे जळत असतात पण पाठ टेकली की मॉनिटरचे आवाज कानात चालू. ताई, तुम्ही "आतून कुणीतरी धावतंय" लिहिलंय ना ते अगदी तेच. क्लास मला शक्य नाही. एकच काहीतरी सांगा. रूममध्ये गादी, दोन उशा आणि एक प्लास्टिकची खुर्ची आहे.

रानजाई:
शिफ्ट_ड्यूटी, तेवढ्यात होतं. आल्यावर आधी काहीतरी हलकं खा आणि पंधरा मिनिटं जाऊ दे. खाली चटई-चादर टाक, पाठीवर पड आणि पोटऱ्या खुर्चीच्या सीटवर ठेव. मांडी जमिनीशी उभी आणि पोटरी आडवी अशी खुर्ची जवळ ओढ. डोक्याखाली पातळ उशी, हनुवटी वर जात नाही ना बघ. दुसरी उशी पोटावर आडवी ठेव, तिचं वजन बरं वाटतं. डोळ्यांवर ओढणी. श्वासाचं काहीही करू नको, मोजू नको. १५ मिनिटांचा हळू आवाजाचा अलार्म लाव म्हणजे घड्याळाची काळजी नको. उठताना पाय खाली घे, उजव्या कुशीला वळ, तिथे दोन मिनिटं पड, मग हाताने जमीन ढकलून ऊठ, मान सगळ्यात शेवटी. झोप लागेलच असं नाही. नाही लागली तरी कर.

शिफ्ट_ड्यूटी:
११ दिवसांनी लिहितेय, ८ दिवस केलं. पहिले तीन दिवस काहीच नाही उलट जास्त आवाज. चौथ्या दिवशी अलार्म वाजला तेव्हा मी दचकले म्हणजे मध्ये कुठेतरी गेले होते बहुतेक. पण एक त्रास आहे, खुर्चीची कडा पोटरीला रुततेय आणि डाव्या पायाला मुंग्या येतात.

रानजाई:
कडा रुततेय म्हणजे खुर्ची लांब आहे, अजून जवळ घे, गुडघ्याचा खळगा कडेच्या जरा पुढे आला पाहिजे. सीटवर टॉवेलच्या चार घड्या घाल आणि टॉवेलचं एक टोक कडेवरून खाली सोड म्हणजे कड झाकली जाईल. टाचाही सीटवर टेकायला हव्यात, लोंबकळत असतील तर टाचांखाली अजून एक घडी. तरी मुंग्या आल्या तर त्या दिवशी खुर्ची नको, गुडघ्याखाली गुंडाळलेली चादर घे. दचकलीस ते अलार्ममुळे, आवाज अजून कमी कर किंवा नुसतं व्हायब्रेशन ठेवून फोन चादरीखाली ठेव.

शिफ्ट_ड्यूटी:
टॉवेल घातला, रुतत नाही आता. मुंग्या पण नाहीत. आज शेजारच्या रूमची सिस्टर तिची खुर्ची घेऊन आली, दोघी पडलो होतो. ती झोपलीये अजून खालीच, उठवू का?

रानजाई:
नको उठवू. पाय खुर्चीवरून अलगद खाली घे, गुडघ्याखाली उशी सरकव आणि अंगावर चादर टाक. पंखा तिच्या थेट वर असेल तर एकवर कर, असं पडल्यावर अंग लवकर गार पडतं.